शुगर निघाली, आता हलायचं कसं? नाशिककरांसाठी पहिल्या तीन महिन्यांची वाट

रिपोर्टमध्ये शुगर निघाली की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: "उद्यापासून पहाटे उठ आणि चालायला लाग." नवे बूट येतात, पाचचा गजर लागतो, पहिल्याच दिवशी गोल्फ क्लबच्या मैदानाला दमछाक होईपर्यंत फेऱ्या होतात. मग गुडघा बोलायला लागतो, एखादा दिवस पाऊस येतो, घरी पाहुणे येतात आणि चालणं सुटतं ते सुटतंच. मी टाइप २ मधुमेह घेऊन बरीच वर्षं या शहरात राहतो आहे. चालायच्या ग्रुपमध्ये असे कितीतरी लोक आले आणि गेले. त्यांची जिद्द कमी पडली असं मला कधी वाटलं नाही. क्रम चुकला होता, एवढंच.

हा लेख नुकतंच निदान झालेल्यांसाठी आहे आणि मुख्यतः टाइप २ वाल्यांसाठी. टाइप १ असेल किंवा गरोदरपणात शुगर वाढली असेल, तर यातलं बरंच उपयोगी पडेल, पण इन्सुलिन आणि व्यायाम यांचा मेळ तुमच्या डॉक्टरांबरोबर बसूनच घालायला हवा.

माझं सांगणं एका वाक्यात असं: पहाटेच्या तासाभराच्या फेरीपासून सुरुवात करू नका, जेवणानंतरच्या दहा मिनिटांपासून करा. बाकी सगळं त्यावर हळूहळू चढवायचं.

हे काम कसं करतं

टाइप २ मध्ये बहुतेकदा शरीरात इन्सुलिन असतं, पण पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. त्यामुळे साखर रक्तातच फिरत राहते. चालताना मात्र मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू साखर आत घ्यायला एक वेगळं दार उघडतात आणि त्या दाराला इन्सुलिनची किल्ली फारशी लागत नाही. म्हणून जेवणानंतर शुगर चढायला लागते नेमक्या त्याच वेळी पाय हलवले, तर चढ बोथट होतो.

दुसरी गोष्ट, व्यायामाने पेशी इन्सुलिनला जास्त दाद द्यायला लागतात आणि हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो. त्यामुळेच सलग दोन दिवस खाडा करायचा नाही हा नियम आहे. रविवारी एकदम दोन तास चालून आठवड्याचा हिशेब चुकता होत नाही.

प्रौढांसाठीचं सर्वमान्य उद्दिष्ट आहे आठवड्याला १५० मिनिटं मध्यम गतीची हालचाल आणि दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम. मध्यम गती म्हणजे काय? चालताना शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. घड्याळापेक्षा ही खूण जास्त भरवशाची आहे. आणि दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा १९६०च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून रूढ झाला. तुमची आज तीन हजार होत असतील, तर साडेतीन हजार हेच या आठवड्याचं लक्ष्य.

पहिली पायरी: डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

शतपावली सुरू करायला बहुतेकांना कुठल्या तपासणीची वाट पाहायची गरज नसते. पण त्यापुढे, म्हणजे भरभर चालणं, टेकडी, जिम, सायकल, असं काही मनात असेल तर आधी एकदा नीट तपासून घ्या. विशेषतः वय चाळिशीच्या पुढे असेल, बीपी असेल, तंबाखू किंवा सिगारेट असेल, किंवा घरात लवकर हार्ट अटॅक आलेले असतील तर. मधुमेहात हृदयाच्या तक्रारीला छातीत दुखण्याची ठळक खूण नसू शकते. नुसता दम लागतो, विनाकारण घाम फुटतो, जबडा किंवा खांदा भरून येतो. असं काही चालताना जाणवलं तर तिथेच थांबायचं. "जरा अ‍ॅसिडिटी झालीय" म्हणून फेरी पूर्ण करायची नाही.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी निदान झाल्याबरोबर करून घ्यायची असते, कारण टाइप २ बऱ्याचदा कळण्याआधी काही वर्षं अंगात असतो. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील, तर जड वजन उचलणं, श्वास कोंडून जोर लावणं, शीर्षासनासारखी डोकं खाली जाणारी आसनं हे सगळं डोळ्यांच्या डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत बंद. योगवर्गात नाव घालणाऱ्यांनी हे शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगावं.

दुसरी पायरी: आपली गोळी ओळखा

हा भाग लोक सर्रास सोडून देतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकाच ट्रॅकवर चालणाऱ्या दोघांचा धोका त्यांच्या गोळ्यांप्रमाणे वेगळा असतो.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर व्यायामाने शुगर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. नुसती मेटफॉर्मिन किंवा व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन असेल तर ही शक्यता फार कमी. पण आपल्याकडे बऱ्याच गोळ्या दोन-तीन औषधं एकत्र करून येतात आणि मोठं ब्रँडचं नाव वाचून आत काय आहे ते कळत नाही. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा किंवा मेडिकलवाल्याला विचारा: "यात ग्लिमेपिराइड आहे का?"

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि तिच्याबरोबर पाणीही जातं. एप्रिल-मेमध्ये या गोळ्या घेणाऱ्यांनी पाण्याची बाटली घेतल्याशिवाय निघू नये. उलट्या-जुलाब होत असतील किंवा कडक उपास असेल, तर व्यायाम थांबवून गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल, तर शुगर उतरताना होणारी धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो, त्यावर लक्ष ठेवा.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आणखी एक. चालायच्या किंवा सायकलच्या आधीचं इंजेक्शन मांडीत घेऊ नका, पोटावर घ्या. हलत्या स्नायूजवळचं इन्सुलिन लवकर शोषलं जातं.

डोस स्वतःच्या मनाने कमी-जास्त करायचा नाही. चालणं वाढलं की शुगर खाली यायला लागते आणि मग डॉक्टरच गोळी कमी करतात. त्यासाठी त्यांच्यासमोर आकडे ठेवावे लागतात, ते कसे ते शेवटी सांगतो.

तिसरी पायरी: पाय

मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू बधिर होऊ शकतात. खडा टोचलेला कळत नाही, फोड आलेला कळत नाही, आणि तोच फोड पुढे चिघळतो. म्हणून बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप कळतं. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. मोजे सुती आणि फिकट रंगाचे घ्या, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. घालण्यापूर्वी बूट उलटा करून झटकायचा, आत हात फिरवायचा. रात्री झोपण्याआधी तळवा बघायचा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा घरातल्या कोणाला बघायला सांगा. बोटांच्या बेचक्यात तेल लावू नका, ती जागा कोरडीच हवी. पाय बधिर असतील तर गरम पाण्याचा शेक अजिबात नको, भाजलेलं समजत नाही.

आता आपल्या नाशिकचा खास प्रश्न: अनवाणी चालणं. रामकुंडाच्या घाटावरचा दगड, काळाराम मंदिराचं आवार, हे उन्हाळ्यात दुपारी चटके देतात. संवेदना कमी असलेल्या माणसाला तो चटका लागत नाही आणि घरी आल्यावर तळव्याला फोड दिसतात. दर्शनाला सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा, जाड सुती मोजे घाला. तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, वणीची पदयात्रा, पौषातली निवृत्तिनाथांच्या यात्रेची दिंडी, यांत अनवाणी चालायची ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण पायाला मुंग्या येत असतील, पाय बधिर असतील, तर ती वाट बुटांनीच चाला. पावसात, चिखलात, अंधारात बधिर तळव्याने चालणं हा पाय गमावण्याचा धोका आहे आणि देवाला तो पाय नको असतो असं मी मनापासून मानतो.

पायावर उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत चालणं बंद. तोवर खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करा.

चौथी पायरी: पहिले दोन आठवडे, फक्त जेवणानंतर

ट्रॅक नको, ग्रुप नको, नवे कपडे नकोत. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, या तिन्हीनंतर दहा-दहा मिनिटं चालायचं. ताट धुवून ठेवलं की निघायचं. तीनही वेळा जमलं नाही तरी रात्रीची वेळ चुकवू नका, कारण आपल्या घरांत सगळ्यात जड जेवण रात्री होतं आणि त्यानंतर टीव्हीसमोर बसणंही.

कुठे? इमारतीच्या आवारात, गच्चीवर, गल्लीत. सिडकोतल्या चिंचोळ्या गल्ल्यांमध्ये रात्री दहाला जोडीने चालणारी माणसं तुम्हाला दिसतील. बाहेर जाणं जमत नसेल तर हॉलपासून गॅलरीपर्यंत. ते कमी प्रतीचं नाही, स्नायूंना पत्ता कळत नाही.

घरात राबणाऱ्या बायका मला हमखास म्हणतात, "दादा, मी दिवसभर पायावरच असते, अजून काय चालू?" खरं आहे, थकवा खरा आहे. पण ओट्यापाशी उभं राहण्याने आणि आतबाहेर करण्याने नाडीची गती फारशी वाढत नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी जेवायचं आणि लगेच भांडी घासायला घ्यायची, यात स्वतःची दहा मिनिटं कुठेच नसतात. घरातल्यांनी ती दहा मिनिटं काढून द्यावीत. रात्रीची भांडी दुसऱ्याने घासली, तर एका माणसाची शुगर सुधारते.

या दोन आठवड्यांत एक प्रयोग स्वतःवर करून बघा. घरी ग्लुकोमीटर असेल तर एका दिवशी दुपारी नेहमीचं जेवण जेवून बसून राहा आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी शुगर बघा. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, तेवढंच, आणि नंतर पंधरा मिनिटं चालून त्याच वेळेला पुन्हा बघा. स्वतःच्या बोटातून आलेला आकडा जेवढं पटवतो तेवढं कोणाचं भाषण पटवत नाही. बहुतेकांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य धरतात. वयस्कर माणसांना आणि ज्यांची शुगर वरचेवर उतरते त्यांना डॉक्टर थोडी सैल मर्यादा देतात.

पाचवी पायरी: आता बाहेर पडा

तिसऱ्या आठवड्यापासून दिवसातली एक फेरी लांबवा. दहाची पंधरा, मग वीस, मग पंचवीस, मग तीस मिनिटं. आठवड्याला पाच मिनिटांपेक्षा जास्त वाढ नको. पहिली पाच मिनिटं सावकाश, शेवटची पाच मिनिटंही सावकाश.

जागा निवडताना घराजवळची निवडा. गंगापूर रोडचा गोदापार्क कितीही सुंदर असला, तरी नाशिकरोडहून रोज तिथवर गाडी काढून कोणी जात नाही. मध्यवस्तीत गोल्फ क्लबचं मैदान, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. कॉलेज रोडकरांना कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक. इंदिरानगरला तिथला ट्रॅक. पंचवटीकरांना तपोवनाची बाजू, हिरावाडीचं विभागीय क्रीडा संकुल. नाशिकरोडच्या लोकांना देवळाली कॅम्पचे झाडांच्या सावलीतले रस्ते. ट्रॅकचा फायदा हा की वाहनं नाहीत, जमीन सपाट आहे आणि चक्कर आलीच तर हाक मारायला माणूस आहे. आपल्या फुटपाथवर उखडलेले पेव्हर, उघडी चेंबरं, लावलेल्या गाड्या आहेत आणि ज्याला पायाखालचं नीट जाणवत नाही त्याने तिथे अंधारात चालू नये. सिंहस्थाच्या तयारीत घाट आणि रस्ते अधूनमधून बंद असतात, त्यामुळे एक पर्यायी जागा ठरवून ठेवा.

गंगापूर रोडची मळ्यांची बाजू, नाशिकरोड, देवळाली या भागांत बिबट्या दिसल्याच्या बातम्या वरचेवर येतात. उजाडण्याआधी मळ्याच्या, उसाच्या कडेने एकटं चालायचं नाही. पूर्ण उजाडल्यावर निघालात तर मधुमेहाचं काही बिघडत नाही.

पांडवलेणीची ओढ सगळ्यांनाच असते. जवळजवळ दोनशे पायऱ्या आहेत आणि पायऱ्या चढणं हा मांड्यांसाठी उत्तम व्यायाम आहे. पण सपाटीवर अर्धा तास न थांबता चालता यायला लागल्यावरच तिकडे वळा. चढताना दम बघायचा, उतरताना गुडघे. उतरणं हळू, कठड्याच्या बाजूने. बधिर पायांनी किंवा चक्कर येण्याची सवय असताना एकट्याने जाऊ नका.

गुडघे किंवा पाय साथ देत नसतील तर पोहणं आणि सायकल. त्र्यंबक रोडवरचा महापालिकेचा सावरकर जलतरण तलाव अनेकांना माहीत आहे. काठावर चपला घालूनच वावरा आणि पायाला चीर असेल तर पाण्यात उतरू नका. सायकलचं नाशिकला वेगळंच प्रेम आहे. आपल्या शहरातल्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, तेव्हापासून इथे सायकलीवर बसणाऱ्यांना कमीपणा वाटत नाही. तुम्हाला फक्त भाजी आणायला सायकलवर जायचं आहे, तेवढंही पुरेसं आहे.

हवामान बघून वेळ बदला

नाशिकची थंडी बोचरी असते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. हृदयाचा त्रास असलेल्यांनी त्या दिवसांत पहाटेचा हट्ट सोडावा, साडेसात-आठला ऊन अंगावर घेत चालावं. कान झाकायचे, पाय झाकायचे. एप्रिल-मेमध्ये उलट, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर. इन्सुलिनचं पेन किंवा बाटली गाडीच्या डिकीत ठेवून फिरायला जाऊ नका, उन्हात ते खराब होतं. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचंही तेच.

पावसाळ्यात लोकांची घडी मोडते. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला आणि दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी चढायला लागलं, की नदीकाठच्या सगळ्या वाटा विसरायच्या. त्या काळासाठी घरातला कार्यक्रम आधीच तयार ठेवा: गच्चीच्या जिन्यात चढउतार, पार्किंगमध्ये फेऱ्या, जागच्या जागी पावलं. ओले बूट पुन्हा घालायचे नाहीत. बोटांच्या बेचक्यात बुरशी धरते आणि मधुमेहात ती लवकर जात नाही. शक्य असेल तर पावसाळ्यासाठी दुसरा जोड ठेवा.

कामाच्या ठिकाणी

सकाळी तासभर चालून नंतर आठ तास खुर्चीत बसलं, तर त्या आठ तासांचा तोटा होतोच. दर अर्ध्या तासाने उठायचं, दोन-तीन मिनिटं हलायचं. फोन उभ्याने घ्या. पाण्याची बाटली टेबलावर भरून ठेवण्याऐवजी पाण्यापर्यंत जा. सिटीलिंकच्या बसने जाणाऱ्यांनी एक थांबा आधी उतरावं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांचं गणित निराळं आहे आणि त्यांच्यासाठी फार कमी लिहिलं जातं. मशीनसमोर आठ तास उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. रात्रपाळीत जेवण मध्यरात्रीच्या सुट्टीत होतं, तर दहा मिनिटांचं चालणं त्या जेवणानंतर, कंपनीच्या आवारातच. पाळी बदलते तेव्हा जेवणाच्या आणि गोळीच्या वेळा बदलतात आणि शुगर उतरण्याचा धोका तेव्हाच जास्त असतो. पाळीचं वेळापत्रक डॉक्टरांना दाखवा. बरोबर काम करणाऱ्या एकाला तरी सांगून ठेवा की तुम्हाला शुगर आहे आणि खिशात ग्लुकोज कुठे असतं. लपवण्यासारखं यात काही नाही. डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखं वाटलं तर मशीन आधी बंद करायचं, मग खायचं.

सहावी पायरी: ताकद

चालणं जमायला लागलं की साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून हे जोडा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट जगासमोर मांडली: भारतीय माणूस वजनाच्या काट्यावर बारीक दिसला तरी त्याच्या अंगात, विशेषतः पोटावर, चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. साखर जिरवण्याची मोठी जागा स्नायूच असल्यामुळे ते वाढवणं आपल्याला इतरांपेक्षा जास्त गरजेचं आहे. "मी तर सडपातळ, मला कशाला व्यायाम" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

जिम लागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, दहा वेळा. भिंतीला हात टेकून दंड, दहा वेळा. ओट्याला धरून टाचा उचलणं, पंधरा वेळा. पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन कोपरातून वर उचलणं. एका पायावर, ओट्याला बोट टेकवून, दहा आकडे म्हणेपर्यंत उभं राहणं. साठीच्या पुढच्यांनी हे तोल जाऊ नये म्हणून करावंच. हे सगळं दोन वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. मधुमेहात खांदा आखडण्याची तक्रार बरीच आढळते, त्यामुळे हात डोक्यावर नेण्याचे, पाठीमागे नेण्याचे साधे ताण रोज द्या. खांदा दुखायला लागलाच तर हात गळ्यात बांधून ठेवण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

शुगर उतरली तर

थरथर, घाम, अचानक भूक, धडधड, चिडचिड, डोळ्यांपुढे धूसर, बोलण्यात गोंधळ. मोजता आली आणि ७० च्या खाली असली तर शुगर उतरली आहे. मोजता येत नसेल तर उतरली आहे असंच समजून वागा.

लगेच बसा. १५ ग्रॅम साखर घ्या: तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, नाहीतर अर्धा कप गोड सरबत. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघा, बरं वाटलं नसेल तर पुन्हा तेवढंच. मग काहीतरी खा, पोळी किंवा बिस्किटं. चॉकलेट, पेढा नको, त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर सावकाश चढते. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, तर साधी साखर लवकर लागू पडत नाही. ग्लुकोज पावडरच हवी, ती खिशात असू द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड गटातली गोळी घेणाऱ्यांनी निघण्याआधी शुगर बघावी. ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खाऊन मग निघावं. २५० च्या वर असेल आणि अंगात ताप, मळमळ, खूप तहान असं काही असेल तर व्यायाम नको, डॉक्टरांना फोन. खूप श्रम झालेल्या दिवशी शुगर रात्री झोपेतही उतरू शकते, म्हणून त्या दिवशी झोपण्यापूर्वी एकदा बघा. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार अशा उपासांच्या दिवशी या मंडळींनी उपाशीपोटी जोराने चालू नये. आणि साबुदाण्याची खिचडी खाल्ली असेल तर त्यानंतर चालणं दुप्पट मोलाचं, कारण ती शुगर झपाट्याने चढवते.

चालून आल्यावर

रविवारचा ग्रुप ट्रॅकवरून थेट मिसळीला जातो. मी त्याविरुद्ध नाही. मिसळीतली मटकीची उसळ चांगली आहे. फरसाण मूठभर, पाव एक, सोबतची जिलेबी दुसऱ्याला आणि परत येताना थोडं पायी. अर्ध्या तासाच्या चालण्यात फार कॅलरी जळत नाहीत, एका ग्लास उसाच्या रसाने त्या भरून निघतात. द्राक्षांच्या हंगामात दहा-बारा मणी वाटीत मोजून घ्या, घड समोर ठेवून बसू नका.

नोंद

एक छोटी वही. तारीख, किती मिनिटं चाललो, जेवणाआधी की नंतर, शुगर बघितली असेल तर आकडा, पायाला काही दिसलं का. बास. खाडा झाला तर तोही लिहा आणि कारण लिहा. दोन-तीन महिन्यांनी तेच कारण वारंवार दिसायला लागतं आणि त्यावर उपाय शोधता येतो.

तीन महिन्यांनी एचबीए१सी करा. रक्तातल्या गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा तो गोळाबेरीज अंदाज असतो, म्हणून त्याआधी दर आठवड्याला करून उपयोग नसतो. रिपोर्ट आणि वही दोन्ही घेऊन जा. सकाळचे आकडे ७०-८० च्या आसपास यायला लागले असतील, किंवा चालताना एकदाही घाम फुटून थरथर झाली असेल, तर ते खूण करून ठेवा आणि डॉक्टरांना खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं तेच दाखवा. गोळी कमी करायची का, हा प्रश्न तुम्हीच काढा.